पिंजऱ्यातील पाहुणा आणि अंगावरील पित्त

उंदीर हा शेतकऱ्याच्या घरी आगंतुक म्हणून येतो आणि चोर म्हणून राहतो, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. भाताची कणगी, बियाण्याची पोती, शिंक्यावरील मडके, पेटीतील ठेवणीचे लुगडे, यांपैकी कशाचीही त्याने गय केलेली नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी कोणी आम्हांस सांगितले असते की, तुमच्याच घरात एके दिवशी उंदरास हाताने भाकरीचा तुकडा भरविला जाईल, तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. परंतु काळ बदलतो, आणि मुलांचे लाड त्याहूनही लवकर बदलतात. कुत्रा, मांजर, पोपट यांच्या पंक्तीला आता पांढरा उंदीर येऊन बसला आहे. शहरातील पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून तो खेड्यांतील घरांतही पोचू लागला आहे. त्याच्याबरोबर एक लहानसा आजारही येऊ शकतो. त्याविषयी आज वाचकांशी चार शब्द बोलावेत असे आम्ही योजिले आहे. त्याचबरोबर आमच्या हातून घडलेली एक चूकही कबूल करावयाची आहे.

2023 च्या जानेवारीत आमच्या दहा वर्षांच्या नातवास त्याच्या मामाने शहरातून दोन पांढरे उंदीर आणून दिले. लाल डोळे, गुलाबी शेपटी, आणि माणसाचा हात दिसताच पळून जाण्याऐवजी नाक उडवीत पुढे येण्याची त्यांची रीत पाहून शेजारची सारी मुले पिंजऱ्याभोवती गोळा झाली. त्याच्या आजीने कपाळावर हात मारला. माजघरात कणगीशेजारी उंदरांचा सापळा लावलेला, आणि पलीकडच्या खोलीत मुलाच्या उशाशी उंदरांचाच पिंजरा, असा तो प्रकार होता. आम्हीही तेव्हा मोठ्या घुश्शात म्हणालो, "हे बघ, उंदीर तो उंदीरच. ह्यांच्यापायी घरात कुणाला काही झालं, तर पिंजऱ्यासकट नेऊन ओढ्यापलीकडे सोडून देईन." बोलून आम्ही ते विसरून गेलो. मुलगा मात्र विसरला नाही.

एप्रिल उजाडला. उन्हाने अंगाची काहिली होत असताना आमचा नातू सकाळ-संध्याकाळ लांब बाह्यांचा सदरा घालून हिंडू लागला. आम्हांस वाटले, शाळेतील मित्रांचे पाहून काही नवी हौस आली असेल. एके दिवशी न्हाणीत त्याच्या आजीने पाठ चोळून देण्यासाठी हात धरला, आणि ती जागच्या जागी थबकली. मनगटापासून कोपरापर्यंत उंदराच्या नखांचे बारीक ओरखडे होते, आणि प्रत्येक ओरखडा दोरीसारखा फुगून वर आलेला होता. मानेवरही तशाच लालसर गांधी उठल्या होत्या, कारण उंदरास खांद्यावर बसवून फिरण्याची त्यास सवय होती. उशीखाली एक मलमाची नळी सापडली. शेजारच्या घरी कोणाच्या तरी नायट्यासाठी आणलेली ती अर्धी नळी मागून घेऊन तो गेले सहा आठवडे गुपचूप चोळीत होता. रात्री त्याला खोकला येत असे, तो आम्ही उन्हाळ्यातील धुळीच्या माथी मारला होता.

डॉक्टरांनी त्यास तपासले, छातीवर नळी लावून श्वास ऐकला, आणि आम्हांस बाहेर बोलावून एवढेच म्हणाले, "पोर दुखण्याला भीत नव्हतं, आजोबा. तुम्हांला भीत होतं." त्या वाक्याने आमची मान खाली गेली. आजची ही कबुली त्या वाक्यापोटीच आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. पाळीव उंदीर म्हणजे आपल्या कणगीतील उंदीर नव्हे. ज्या जातीस शास्त्रात रॅटस नॉर्वेजिकस म्हणतात, त्या करड्या उंदराची ही माणसाळलेली संतती आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीर पकडणारा होता. तो स्वतःस व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमाऱ्या म्हणवीत असे. पकडलेल्या उंदरांत कधी एखादा आगळ्या रंगाचा निघाला, तर तो त्यास न मारता वाढवी आणि त्याची पिले हौशी लोकांस विकी. पुढे 1901 मध्ये मेरी डग्लस या बाईंच्या खटपटीने तेथील उंदीरप्रेमींच्या प्रदर्शनात मोठ्या उंदरांसही स्थान मिळाले. मुलांच्या गोष्टींसाठी जगप्रसिद्ध झालेल्या बिॲट्रिक्स पॉटर यांनीही पांढरा उंदीर पाळला होता. त्याचे नाव सॅमी. 1908 मध्ये प्रसिद्ध झालेले आपले एक गोष्टीचे पुस्तक त्यांनी त्या मृत उंदराच्या स्मृतीस अर्पण केले आहे. सांगण्याचा मुद्दा असा की, या प्राण्याचा मुलांस लळा लागतो यात वेडगळ असे काही नाही. तो हुशार आहे, हाक ओळखतो, स्वतःचे अंग वरचेवर चाटून स्वच्छ ठेवतो आणि जोडीने राहणे त्यास आवडते. त्याचे आयुष्य मात्र लहान, दोन ते तीन वर्षांचे.

मग एवढ्या स्वच्छ प्राण्यापासून अंगावर पित्त का उठावे? पुष्कळांची समजूत अशी की, दोष त्याच्या केसांत असतो. ती खरी नव्हे. दोष मुख्यतः त्याच्या मूत्रातील एका प्रथिनात असतो, आणि काही अंशी लाळेत व कातडीच्या कोंड्यात. हे प्रथिन उंदराच्या यकृतात तयार होते आणि मूत्रावाटे बाहेर पडते. वयात आलेल्या नराच्या मूत्रात त्याचे प्रमाण मादीपेक्षा पुष्कळच अधिक असते. उंदीर चालता चालता मूत्राचे थेंब सांडीत जातो. ते पिंजऱ्यातील भुशात मुरतात, त्याच्या पायांस, शेपटीस व केसांस लागतात आणि वाळले म्हणजे धुळीच्या अतिसूक्ष्म कणांबरोबर हवेत उडतात. तो हातावर चालला की नखांच्या ओरखड्यांतून हेच प्रथिन कातडीत उतरते, आणि नेमके त्या रेघांवर पित्त उठते. उंदीर उशाशी असेल, तर तेच कण रात्रभर नाकातोंडात जात राहतात.

हे सर्वांसच होते असे नाही. अ‍ॅलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये प्रथम योजिला. एखाद्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यावर शरीराची त्याच्याशी वागण्याची रीतच बदलून जाते, हे त्यांना त्या शब्दाने सुचवावयाचे होते. ही रीत घडविणारे रक्तातील द्रव्य पुढे 1966-67 च्या सुमारास उजेडात आले. अमेरिकेत काम करणारे जपानी दांपत्य इशिझाका आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख हे संशोधक या शोधापर्यंत निरनिराळ्या वाटांनी पोचले. त्यास आज आयजीई म्हणतात. प्रकार असा घडतो : उंदराचे प्रथिन पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांत अंगात शिरते, तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. परंतु ज्यांच्या अंगी तशी प्रकृती असते, त्यांचे शरीर आतल्या आत त्या प्रथिनाची ओळख पक्की करून ठेवते. मग एक दिवस त्याच उंदरास नेहमीसारखे उचलले की, कातडीतील विशिष्ट पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात, आणि पाच-दहा मिनिटांत खाज सुटून गांधी उठतात. म्हणूनच "इतके दिवस काही झालं नाही, मग आताच कसं?" हा प्रश्न जो तो विचारतो. इतके दिवस शरीर त्या प्रथिनाची ओळख करून घेत होते, हेच त्याचे उत्तर.

प्रयोगशाळांतून उंदरांची निगा राखणाऱ्या कामगारांमुळे या दुखण्याची पुष्कळ माहिती मिळाली आहे. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने 1998 मध्ये याविषयी एक इशारापत्रक काढले होते. प्राण्यांशी काम करणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांस अ‍ॅलर्जीची काही ना काही लक्षणे दिसतात, आणि शंभरांतील सुमारे दहांस त्या प्राण्यांमुळे दम्याची लक्षणे जडतात, असे त्यात नमूद आहे. हे लोक दिवसभर शेकडो उंदरांत वावरतात, तेव्हा हे आकडे घरच्या दोन उंदरांस जसेच्या तसे लावू नयेत. तथापि त्यांच्या अनुभवातून एक गोष्ट आपण घेण्यासारखी आहे. बहुधा आधी कातडीस खाज, नाकास पाणी, डोळ्यांस लाली अशी सौम्य लक्षणे दिसतात, आणि त्यांकडे दुर्लक्ष करून तोच संपर्क चालू ठेवला, तर काहींच्या बाबतीत पुढे दमा येतो. हातावरील गांधी ही दारावरची पहिली थाप समजावी. मुलाने ती थाप आम्हांस ऐकू येऊ दिली नाही, आणि त्याने ती ऐकू देऊ नये अशी व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती.

परंतु घरात उंदीर आहे आणि अंगास खाज आहे, एवढ्यावरून ती अ‍ॅलर्जीच असे धरून चालू नये. अ‍ॅलर्जीची गांध उंदरास हाताळल्यापासून थोड्याच वेळात उठते, तिच्यावर खपली वा कोंडा नसतो, आणि ती बहुधा काही तासांत मागमूस न ठेवता विरून जाते. दुसरा प्रकार गोचिडीच्या जातकुळीतील बारीक किड्यांचा. ते उंदराच्या घरट्यात दडून राहतात आणि रात्री माणसासही चावतात. अशा वेळी कमरेशी, मनगटांशी लहान लहान लाल पुटकुळ्या उठतात, त्या कित्येक दिवस राहतात, आणि उंदरास हातही न लावणाऱ्या घरातील माणसांसही त्या येतात. तिसरा प्रकार गजकर्णाचा. हा बुरशीचा रोग उंदरापासूनही लागू शकतो. वाटोळा चट्टा, कडेला कोंडा, मध्ये त्या मानाने स्वच्छ, आणि दिवसेंदिवस बाहेर पसरत जाणारा, अशी त्याची खूण. बोटांच्या बेचक्यांत रात्री असह्य खाज येत असेल आणि घरात एकामागून एक सर्वांस ती लागत असेल, तर खरजेचा संशय घ्यावा. या प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. एकाचे औषध दुसऱ्यास लावल्याने अपाय होतो.

येथे त्या उशीखालच्या नळीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आपल्या खेड्यापाड्यांतून खाजेवरचे म्हणून जे मलम हातोहात फिरते, त्यात पुष्कळदा क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन यांसारखे तीव्र स्टिरॉइड असते. ते लावताच खाज थांबते, म्हणून ते गुणकारी वाटते. परंतु खाज थांबली म्हणजे कारण गेले असे नव्हे. गजकर्णावर ते चोळले, तर बुरशी अधिकच माजते आणि चट्ट्याचे रूप बदलून डॉक्टरांसही तो ओळखणे कठीण होते. आठवडेच्या आठवडे चोळले तर कातडी पातळ पडते, तीवर न जाणारे चरे उमटतात. मुलांची कातडी तर मुळातच नाजूक. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला, तो याच कारणाने. शेजाऱ्याकडून मीठ-साखर उसनी आणावी, नळीतले मलम आणू नये. आमच्या नातवाच्या कोपराच्या आतल्या बाजूची कातडी पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागले.

मग करावे काय? प्रथम खात्री करून घ्यावी. डॉक्टर कातडीवर थेंब ठेवून बारीक टोचणीने परीक्षा करतात, किंवा रक्त तपासतात. कातडीच्या परीक्षेपूर्वी खाजेच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर परीक्षेचा निकाल चुकतो. म्हणून कोणती गोळी केव्हा घेतली हे त्यांस अवश्य सांगावे. जेथे ही सोय नसेल, तेथे साधी वही उपयोगी पडते. आज उंदीर केव्हा उचलला, किती वेळाने गांधी उठल्या, केव्हा गेल्या, रात्री खोकला आला की नाही, एवढे दोन आठवडे लिहून नेले, तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

त्रास केवळ कातडीचा आणि सौम्य असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्राणी ठेवूनही काही काळ निभावता येते. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत. पिंजरा निजण्याच्या खोलीतून हलवावा. पडवीसारखी वाऱ्याची, पण उन्हापावसापासून आडोशाची जागा बरी. पिंजरा साफ करण्याचे काम ज्यास त्रास होतो त्याने न करता घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाने करावे. ते अंगणात करावे, नाकातोंडावर मुसके बांधावे, आणि जुने अंथरूण उपसण्यापूर्वी त्यावर पाण्याचा हलका हबका मारावा, म्हणजे धूळ उडणार नाही. लाकडाच्या भुशाऐवजी पाणी शोषणारे कागदाचे अंथरूण घालावे. भुशाची धूळ स्वतःच माणसाच्या नाकास आणि उंदराच्या छातीस बाधते. अंथरूण वरचेवर बदलावे, कारण जितके मूत्र साचेल आणि वाळेल, तितका त्रास अधिक.

उंदरास उचलावयाचेच असेल, तर त्यासाठी एक लांब बाह्यांचा जाडसर सुती सदरा वेगळा ठेवावा आणि खेळ संपताच तो काढून धुण्यात टाकावा. (आमच्या नातवाने तोच सदरा गांधी झाकण्यासाठी वापरला, हा दैवाचा खेळ.) हातमोजे घालावयाचे, तर नायट्राइलचे घालावेत, कारण साध्या रबरी मोज्यांचीच काहींस अ‍ॅलर्जी असते. उंदीर उघड्या मानेवर, गालावर, खांद्यावर घेऊ नये. खेळून झाल्यावर कोपरापर्यंत हात साबणाने धुवावेत, आणि धुण्यापूर्वी डोळे चोळू नयेत. पिंजऱ्यात विटेचा एक तुकडा ठेवला, तर त्यावर चढून-उतरून उंदराची नखे थोडी झिजतात आणि ओरखडे कमी होतात. उंदरास रोज आंघोळ घालण्याचा सल्ला कोणी देतात, परंतु तिने फारसे साधत नाही. मूत्र पुन्हा लागायचे ते लागतेच, आणि तो बिचारा भिजून गारठतो. नव्याने आणावयाचे असतील तर माद्या आणाव्यात, हे वरील विवेचनावरून लक्षात आलेच असेल.

गांधी उठल्या असता ती जागा गार पाण्याने व साबणाने धुऊन ओल्या फडक्याची पट्टी ठेवावी. कॅलामाइनचे लोशन लावण्यास हरकत नाही. आमच्याकडे आमसुलाचे पाणी लावण्याची जुनी चाल आहे. त्याने गार वाटत असेल तर अवश्य लावावे, परंतु त्याने उंदराचे प्रथिन अंगातून जात नाही हे ध्यानात ठेवावे. सेटिरिझिन, लोराटाडिन यांसारख्या गोळ्या हिस्टामिनास अडवितात. मुलांस त्या किती व किती दिवस द्याव्यात हे डॉक्टरांनी ठरवावे. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्या घेऊन मोटरसायकल वा यंत्र चालवू नये. कातडी कोरडी पडली असेल तर आंघोळीनंतर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. कोरड्या कातडीस खाज अधिक येते, खाजविल्याने ती फाटते, आणि फाटलेल्या कातडीतून अ‍ॅलर्जीचे कारण अधिकच आत शिरते.

उंदीर चावला तर तो प्रश्न निराळा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटे धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा. पुढे काही दिवसांनी ताप, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ दिसल्यास उंदीर चावल्याचे डॉक्टरांस आवर्जून सांगावे, कारण उंदराच्या चाव्याने येणारा एक विशिष्ट ताप असतो आणि त्यावर वेळीच औषध मिळाले तर तो बरा होतो. तसेच घरच्या पिंजऱ्याशी रानातील वा कणगीतील उंदरांचा संबंध येऊ देऊ नये. त्यांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या आपल्या लोकांस वेगळे सांगावयास नको.

आणि एक रेषा अशी आहे की, ती ओलांडली म्हणजे पथ्यांचा हिशोब संपतो. रात्रीचा खोकला, छातीत घरघर, श्वासात शिटीसारखा आवाज, खेळताना लागणारी धाप, यांपैकी काहीही दिसले, तर कातडीचा विचार बाजूस ठेवून डॉक्टरांस गाठावे, आणि ते सांगतील तर प्राणी घरातून दूर करण्याची मनाची तयारी ठेवावी. क्वचित ओठ, जीभ, घसा सुजतो, भोवळ येते, उलटी होते, श्वास कोंडतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता 108 क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णास इस्पितळात न्यावे. तेथे मांडीत देण्याचे अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय. घरच्या गोळीवर विसंबून राहू नये.

आमच्या घरी प्रथम पथ्यांचाच प्रयोग झाला. पिंजरा पडवीत गेला, साफसफाई त्याच्या आजीने अंगावर घेतली. होय, जिने कपाळावर हात मारला होता तिनेच. हातावरील गांधी महिन्याभरात कमी झाल्या. परंतु जूनमध्ये पाऊस सुरू झाला, पिंजरा आत घ्यावा लागला, आणि त्याच आठवड्यात मुलाची छाती पुन्हा वाजू लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, आता उंदरांस दुसरे घर पाहा. त्या रात्री आम्ही मुलाजवळ बसलो. यावेळी धमकी दिली नाही. काय होते आहे, का होते आहे आणि पुढे काय होऊ शकते, हे सारे, जसे वर लिहिले आहे तसे, त्यास सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ओढ्यापलीकडे नाही ना सोडणार?"

वाचकहो, हे आवर्जून लिहितो की, पाळलेला पांढरा उंदीर रानात सोडणे म्हणजे त्यास जीवदान देणे नव्हे. त्यास रानात राहण्याची सवय नसते, आणि त्याचा पांढरा रंग घारीस व मांजरास दुरून दिसतो. तो एक रात्रही काढील की नाही कोण जाणे. पेरू देशात लिमा शहरी होऊन गेलेल्या संत मार्टिन द पोरेस (1579–1639) यांची एक आख्यायिका आहे. ते मठातील रुग्णांची सेवा करीत. उंदीर तेथील कपडे कुरतडू लागले, तेव्हा त्यांनी त्यांस विष घालू दिले नाही, तर बागेत राहावयास सांगितले आणि तेथे त्यांस रोज अन्न नेऊन दिले, असे सांगतात. 1962 मध्ये त्यांस संतपद देण्यात आले, आणि त्यांच्या चित्रांत पायांशी आजही उंदीर दिसतो. रुग्णांचे कपडेही वाचले आणि उंदरांचा जीवही. आमच्यासारख्या रागीट आजोबांनी ध्यानात ठेवण्याजोगी ती गोष्ट आहे.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या त्याच्या आतेभावाने दोन्ही उंदीर आनंदाने नेले. त्या घरी दम्याचा वा पित्ताचा कोणास त्रास नाही, याची आधी चौकशी केली होती. जाताना आमच्या नातवाने वहीचे एक पान भरून लिहून दिले : कोणता कोठे खाजविलेला आवडतो, कोणास शेंगदाणा अधिक द्यावयाचा नाही, दोघांस वेगळे ठेवावयाचे नाही. खोली धुऊन काढली, पडदे, गोधड्या, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यातून काढले, फरशी ओल्या फडक्याने पुन्हापुन्हा पुसली. प्राणी गेला तरी त्याची धूळ पुष्कळ दिवस घरात राहते, म्हणून त्रास एका दिवसात थांबत नाही. यामुळे धीर सोडू नये. दिवाळीच्या सुमारास मुलाचा खोकला पुरता थांबला. सुटीत तो आत्याकडे जाई, तेव्हा आत न जाता अंगणात बसे, आणि भाऊ पिंजरा खिडकीशी आणून दाखवी. 2024 च्या अखेरीपर्यंत दोन्ही उंदीर आपापले आयुष्य पुरे करून गेले. दोघांसही आत्याच्या परसात पेरूच्या झाडाखाली पुरले आहे.

आम्ही मोठी माणसे घरात जे बोलतो, ते रागाने बोलतो, हौसेने बोलतो आणि विसरतो. मुले त्याचा कायदा करतात. ज्या घरात "काही झालं तर बघ" असे म्हटले जाते, त्या घरात काही झाले तर ते सांगितले जात नाही. मग ते हातावरील पित्त असो, पडलेला दात असो, की परीक्षेतील गुण असोत. पुरळ बरी करणे डॉक्टरांच्या हातात असेल, परंतु ती वेळीच दिसणे हे आपल्या बोलण्यावर अवलंबून असते. तेव्हा ज्यांच्या घरी उंदीर, ससा, मांजर, पोपट, कोणीही पाहुणा पाळलेला असेल, त्यांनी आज संध्याकाळी जेवताना मुलांस एवढेच सांगावे : "अंगाला काही झालं तर आधी आम्हांला दाखव. प्राण्याचं काय करायचं ते आपण मिळून ठरवू."

2025 च्या काजूच्या हंगामात आमच्या नातवाच्या हातास बोंडाचा चीक लागून फोड आले. तो अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातच धावत आला आणि हात पुढे करून म्हणाला, "आजोबा, हे बघा काय झालं." फोड बरेच मोठे होते आणि आजीने त्यास बोलही लाविला. आम्हांस मात्र, खरे सांगावयाचे तर, फार बरे वाटले.